एकशे अठरा की एकशे आठ

आदरणीय जलीलचाचा,

जयभीम आणि सलाम. दोन्ही एकदमच लिहिते, कारण तुम्ही आमच्या दारात आलात की बाबा सलाम म्हणतात, तुम्ही जयभीम म्हणता, आणि माझ्या वाटणीला काही उरतच नाही. तुमची साखर कशी आहे? उबेद म्हणतो, ठीक आहे. पण तो असंही म्हणतो की अब्बा दोह्यात चहा बिनसाखरेचा घेतात आणि त्याच्याबरोबर खजूर मात्र मूठभर. जहांआराचाचींच्या गुडघ्यांना आता आराम असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळी बरी आहेत. आईचा खोकला गेला. बाबांची ढोलकी नवी शाई भरून आली, आणि ते तिला नव्या सुनेसारखं कापडात गुंडाळून ठेवतात (खऱ्या सुनेचं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं, असं मंजुळावहिनीचं म्हणणं आहे). हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या दुकानात मागे सतत दहा स्पीकर वाजत असतात आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला "हां बेटा, पाठवतो" म्हणता. म्हणून पत्र. उबेद परत येताना घेऊन येईल.

तर तुम्ही पाठवलेले दोन्ही इअरफोन पोचले. चाचा, मी काय सांगू! इतक्या लहान वस्तूत इतकं काम कुणी केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. काळी जोडी धुतलेल्या करवंदासारखी. निळीच्या काचेसारख्या अंगातून आतली तार दिसते, केसाहून बारीक. आईने तर दोन्ही हातावर घेऊन आधी लग्नाच्या देण्याघेण्यातल्या सोन्यासारखं वजन पाहिलं. तुमचा निरोप उबेदने नीट सांगितला: वहिनीला चालेल ती एक ठेवा आणि दुसरी त्याच्याकडे परत द्या, दुकानातला माल आहे. त्याचं विमान शुक्रवारनंतर, म्हणजे घाईनेच निवड करायची होती.

आणि निवड चुकून चालणार नव्हतं. वीस मार्चला महाडला, तळ्याजवळच्या स्टेजवर आमच्या गायन पार्टीला गाणं मिळालंय, आणि मुख्य गळा वहिनीचा. तुम्ही तिला नाते गावच्या कार्यक्रमात ऐकलंयत. आवाज किती गोड! पण स्टेजवर स्पीकर सगळे लोकांकडे तोंड करून, कानाशी बाबांची ढोलकी, बगलेला सुशांतदादाची पेटी. तिचा स्वतःचा आवाज तिला येत नाही, म्हणून ती ओरडते, ओरडली की पट्टी चढते, आणि तिसऱ्या कडव्याला घसा बसतो. या खेपेला तिने दादाला स्पष्टच सांगितलं, "ह्या टायमाला पण मला माझाच आवाज आला नाय ना, तर मी आपली मागं बसून टाळ्या वाजवीन. गायला दुसरी बघा." वहिनी असं बोलते तेव्हा ते खरंच करते. म्हणून इअरफोन: माइकमधला तिचा आवाज मिक्सरमधून थेट तिच्याच कानात.

आता खोक्यांविषयी. काळीच्या खोक्यावर सेन्सिटिव्हिटी एकशे अठरा डेसिबल, निळीच्या एकशे आठ. आमच्या वस्तीत हा निकाल बारावीच्या निकालासारखा वाचला गेला. काळी पहिली आली, निळी दुसरी, पेढे वाटायचे बाकी. मीही तेच म्हणाले (मी फिजिक्सची पदवीधर, घरातली पहिली, त्यामुळे माझ्या म्हणण्यावर शिक्का बसतो). सेन्सिटिव्हिटी म्हणजे थोड्या ताकदीत किती मोठं वाजतं ते, हे मी विहारात सगळ्यांना समजावून सांगितलं. मग फोनला आळीपाळीने दोन्ही जोड्या लावून एकच गाणं, एकाच आवाजावर, सगळ्यांना ऐकवलं. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की निळी मोठी वाजते. रावजीआजोबांनीसुद्धा, ज्यांना एसटीचा हॉर्न मागे वळून पाहिल्यावर ऐकू येतो.

मी म्हटलं, शक्य नाही, खोक्यावर लिहिलंय. बाबा म्हणाले, "आगो, वाजतोय काय, खोका की इअरफोन?" चाचा, मी तेव्हा हरायला हवं होतं. पण मी दिवसभर वाद घातला. कान साफ करून या, असं दोघांना सांगितलं. आणि त्यातला एक जण, आमचा साउंडवाला किशोर, खरंच करून आला आणि म्हणाला, "आता निळी आणखीनच मोठी वाजते."

शेवटी खोक्याची बारीक अक्षरं उन्हात धरून वाचली. काळीचे एकशे अठरा हे एका व्होल्टमागे, आणि निळीचे एकशे आठ एका मिलिवॅटमागे! म्हणजे कुडपणच्या एका शेतकऱ्याने भात गुंठ्यामागे सांगावं आणि दुसऱ्याने बियाण्याच्या पायलीमागे, आणि आपण ओट्यावर बसून कोणाचं पीक मोठं यावर भांडावं. मी दोघींचे ओहम घेऊन आकडेमोड केली. (बी.एस्सी. झाल्यापासून घरात त्या पदवीचं हे पहिलंच काम. आतापर्यंत मी फक्त गॅसच्या पावत्या वाचत होते.) व्होल्टमागे मोजलं तर निळी एकशे तेवीस, काळी एकशे अठराच. म्हणजे लोकांचे कान बरोबर, खोकंही बरोबर, फक्त मी चूक. हे मी विहारात उभं राहून सांगितलं तेव्हा रावजीआजोबा म्हणाले, "मी तेच बोलत होतो," आणि त्यांना चहा मिळाला.

पण मोठं वाजतं म्हणजे चांगलं वाजतं असं नाही, आणि इथे मला खरी गंमत वाटली. माणसाचा कान असा की दोन सारख्यांतला जरा मोठा असेल तोच त्याला सरस वाटतो. निवडणुकीतही तसंच होतं. म्हणून मी दोघींना एका पातळीवर आणायचं ठरवलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, एका टोकाला इअरफोन आणि दुसऱ्या टोकाला फोनचा माइक घट्ट बसवला, एकच सूर वाजवला आणि आवाज मोजणाऱ्या ॲपवर दोघींचा आकडा जुळेपर्यंत निळी कमी केली. मग वहिनीच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. रबराची टोपणं आधी सैल बसली होती आणि ढोलकी पत्र्यासारखी वाजत होती. मधल्या मापाची घातली तशी तिचा चेहराच बदलला. आळीपाळीने दोन्ही ऐकून ती म्हणाली, "हिच्यात ढोलकी कानात येऊन बसते. तिच्यात ढोलकी आपल्या जागंवर बसते नि मला जागा ठेवते." जागा ठेवणारी काळी निघाली. एवढं नेमकं वर्णन मी इंटरनेटवरच्या एकाही परीक्षणात वाचलेलं नाही, आणि मी बरीच वाचली.

मिक्सरवर लावल्यावरही काळीच जिंकली. निळी इतकी तल्लख की किशोरच्या जुन्या मिक्सरमधली खरखरही तिला ऐकू येते. गाणं थांबलं की सावित्री नदीला वरून पाणी सोडल्यासारखं सूं चालू. शिवाय किशोरने काळीसाठी वाढवलेलं बटण तसंच ठेवून निळी स्वतःच्या कानात घातली आणि खुर्चीसकट मागे गेला. (दुखापत नाही. खुर्चीचा पाय गेला.) काळीला जरा जास्त ताकद लागते, पण ती खरखरीला भीक घालत नाही. मला असं वाटतं की चांगल्या वस्तू बनवणाऱ्याने हे मुद्दाम केलं असणार, आणि त्या न पाहिलेल्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

मग बुधवारी खरी तालीम झाली. किशोरने लांब वायर सोडली, वहिनीच्या कानात काळी. पेटी, ढोलकी, सगळं नेहमीसारखं जोरात. तिने पहिली ओळ म्हटली आणि गप्प झाली. आम्हाला वाटलं, वायर तुटली. दादा म्हणाला, "काय गो, येत नाय काय?" ती म्हणाली, "येतोय. मी इतकी वर्षं उगाच बोंबलत होते." आणि मग ती हळू गायली, चाचा. बोलल्यासारखी. बाबांनी आपोआप थाप कमी केली, दादाने पेटीचा भाता सावकाश घेतला, आणि ओट्यावर गप्पा मारणाऱ्या बायका आत येऊन बसल्या. तिसरं कडवं झालं, चौथं झालं, घसा जागेवर. शेवटी तिने स्वतःच जाहीर केलं की वीस तारखेला ती गाणार, आणि सुरुवातीचं गाणंही तिलाच हवं. दोह्यात बसून तुम्ही आमच्या घरात काय पाठवलंत ते तुम्हाला कळावं म्हणून हे इतकं लांब लिहिलं.

चाचींच्या पाया पडते. तुम्हीही खजूर जरा मोजून खा, ही विनंती.

तुमची,
राजश्री

ता.क. ठरल्याप्रमाणे निळी जोडी खोक्यात नीट घालून उबेदकडे दिली आहे.

ता.क. दुसरा. वरचं वाक्य मी उबेद समोर बसला होता म्हणून लिहिलं. खोक्यात आमसुलं आहेत. वजन जुळवलं आहे. दादाने तालमीनंतर निळी कानात घालून वहिनीचं गाणं ऐकलं आणि तेव्हापासून ती काढलेली नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, बायकोचं गाणं आज ऐकलं, असं म्हणतो. खरखर चालेल म्हणतो. त्याच्या कानातून ती ओढून काढणं मला जमलं नाही. किंमत कळवा, तो हप्त्याने देईल.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं तर यासाठीच. आता दोघंही दिवसभर कान बंद करून सराव करतात. गाणं सुरू असतं तोवर स्वर्ग. पण मधल्या वेळात ती काढत नाहीत, आणि कानात बूच असल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो ते दोघांनाही कळत नाही. मीठ कुठे आहे, हे काल पोलादपूरच्या निम्म्या बाजाराला कळलं. पुढच्या महिन्यात माझी एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा आहे. दुकानात एखादी पडेल जोडी असेल तर पाठवाल का? कानात घट्ट बसली पाहिजे, एवढंच. वाजत नसली तरी चालेल.