देवमाशाचे थोरलेपण

मी, डांग वान ताम, वय शहात्तर, धंदा मासेमारी, राहणार वुंग मू गाव, देवळामागे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी दटावलेले नाही, कोणी पाजलेली नाही. यापूर्वी दारूच्या बैठकीत मी ज्याला जे देऊन टाकले, ते सर्व या लेखाने रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा न्योन यास. तो सायगॉनला असतो, विकायचे तर विकावे. अंगणातले माशांच्या खाऱ्या रसाचे रांजण मात्र आधी शेजाऱ्यांत वाटावेत. रस खालच्या तोटीने काढावा. झाकण उघडून वरून ढवळणारी माणसे मला ठाऊक आहेत. सूनबाईंनी राग मानू नये.

२. मोठी होडी, इंजिन, जाळी आणि वेताची गोल टोपली-होडी नात लुआ हिला. होडी आताही तीच चालवते. होडीच्या तोंडावरचे डोळे नव्या वर्षाआधी तिनेच रंगवावेत. एकदा न्योनने रंगवले तेव्हा होडी तिरळी झाली आणि अख्खे बंदर हसत होते.

३. गाण्याचे कराओके यंत्र बर्फवाला लोय यास. लोयला सूर नाही, पण त्याचे घर फान वान साऊच्या भिंतीला लागून आहे. हे कलम मी आज खोडणार होतो. राहू द्या.

४. आता थोरलेपण. आमच्याकडे मेलेला देवमासा ज्याला प्रथम दिसतो, तो त्याचा थोरला मुलगा ठरतो. तो डोक्याला पांढरे फडके बांधतो, सुतक पाळतो आणि पुढे दर जत्रेत देवळात पहिल्या चटईवर बसतो. एक्केचाळीस वर्षांपूर्वी आमच्या खाडीत बाबा, म्हणजे असा मेलेला देवमासा, वाहत आले, ते मला होडीतून आणि साऊला टोपलीतून एकाच वेळी दिसले. दोघेही ओरडलो. देवळात नाणी टाकून कौल घेतला, तो मला मिळाला आणि साऊ धाकटा ठरला. वयाने तो माझ्याहून मोठा आहे. तेव्हापासून त्याला मला ‘दादा’ म्हणावे लागते, आणि तो ते असे म्हणतो की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

लुआला साऊच्या नातवाशी, खांगशी, लग्न करायचे आहे. मी रीतीप्रमाणे पानसुपारीचे तबक घेऊन साऊकडे गेलो.

“काय हो दादा, हे कसलं तबक?”

“पोरांचं जमलंय. तू हो म्हण.”

“कसं म्हणू? आपण भाऊ, म्हणजे पोरं चुलत भावंडं. भावाबहिणीचं लग्न लावतात होय?”

“अरे, आपण माशाकडून भाऊ!”

“इतकी वर्षं दादा म्हणवून घेतलंत तेव्हा ते बाबा होते. आज सोयरीक काढली तर मासा झाला?”

मी तबक उचलून घरी आलो. त्या दिवशी लुआने जाळ्याच्या सगळ्या गाठी उलट्या मारल्या.

म्हणून लिहितो: बाबांचे थोरलेपण, पहिली चटई आणि जत्रेत सर्वांपुढे होडी नेण्याचा मान मी साऊ यास देतो, आणि स्वतः बाबांच्या कुळातून बाहेर पडतो. आम्ही भाऊ नाही, तर पोरेही भावंडे नाहीत.

हे कचेरीतल्या वीबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, “आजोबा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं.”

लुआ उसळली, “म्हणजे मी आजोबांच्या मरणाची वाट बघत बसू? मग नकोच मला लग्न!”

सबब, या एका कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. ते आज सकाळीच पार पडले आहे. गावासमक्ष मी फडके देवळात परत ठेवले आणि नाणी टाकली. दोन्ही छापे वर आले, म्हणजे बाबा हसले, कौल दिला नाही. पुन्हा टाकली, पुन्हा हसले.

साऊ मागून म्हणाला, “हसणारच. एवढा घोडा या वयात घर सोडून निघालाय.”

तिसऱ्या खेपेस एक छापा, एक काटा. परवानगी मिळाली. मी पहिल्या चटईवरून उठलो. खरे लिहितो, उठवत नव्हते, आणि दोष गुडघ्यांचा नव्हता.

साऊ बसला. चटई चाचपून म्हणाला, “इथे वारा लागत नाही रे, ताम.”

“लागतच नाही. तुला वाटायचं, मी मजा मारतोय.”

५. मला वाळूच्या टेकडीवर पुरावे, पाय समुद्राकडे. भाषणे नकोत. साऊने सुतक पाळण्याचे कारण नाही. पाळलेच तर ते व्याही म्हणून. पण लग्नाला होकार त्याने अजून दिलेला नाही.

हा लेख त्याला वाचून दाखवला. तो साक्षीदार म्हणून सही करायला सरसावला. वीबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. “मग मी खाली माझं माझं लिहितो,” असे म्हणून त्याने लेखणी मागून घेतली. त्याच्यासाठी जागा सोडली आहे.

लिहून देणार: डांग वान ताम (सही)

साक्षीदार: १. गुयेन थी हान्ह, शिक्षिका (सही)
२. ले वान दुओक, देवळाचे राखणदार (अंगठा)

ठिकाण: वुंग मू. दिनांक: १४ एप्रिल २०१९

हजर, साक्षीदार नव्हे: फान वान साऊ (सही). लग्नाला हरकत नाही. जत्रेच्या आत उरकावे. जत्रेत मला वेळ नसतो.