नमुन्याचं घर

४ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. त्यांतले निम्मे परत घेण्याच्या बेतात आहे.

फोन केला की तू कामात असतोस, म्हणून पत्र. निदान हे तरी मध्येच कापता येणार नाही.

तुझी नवी जाहिरात पाहिली. प्रत्येक खोलीत भरपूर ऊन, म्हणे! बाबांनी भाड्यानं द्यायला बांधलेल्या या इमारतींत ऊन येतं फक्त पुढच्या अंगाला, आणि तू फोटो छापलेस सगळे आईच्या घराचे. घर बघायला आलेल्यांना आईचं घर दाखवायचं आणि द्यायचं मागच्या अंगाचं, अंधारं, ही अक्कल तुझीच. काल एका बाईनं आईचं कपाट उघडून आत किती साड्या मावतात ते पाहिलं. आई तोवर दवाखान्यात नंबर लावल्यासारखी जिन्यात बसून होती.

आणि आता तू लिहितोस की तिला खाली आपल्या ऑफिसमागच्या खोलीत, पाण्याच्या पंपाशेजारी हलवू या, म्हणजे वरचं घर कायमचं नमुना म्हणून ठेवता येईल. लाज कशी वाटत नाही रे? तू त्या शहरात बसून फक्त जाहिराती करतोस. इथला कारभार मी बघते, आणि मी आहे तोवर आईला तिच्या घरातून कोणी हलवणार नाही.

बाकी ठीक. माया आहे, किती, ते तुझ्या उत्तरावर.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार तुझ्या वयाला आहे, पत्राला नाही.

रिकामं घर दाखवलं तर गिऱ्हाईक भिंतींचे पोपडेच मोजत बसतं. पडदे हवेत, ओट्यावर भांडी हवीत, कोणीतरी नीट राहतंय असं दिसायला हवं. हे तुला शिकवता शिकवता माझे केस पिकले. आईचं घर मी निवडलं कारण तेवढं एकच दाखवण्यासारखं आहे.

नाही म्हणायला दुसरं आहे, तिच्या बरोबर वरचं. त्याच खिडक्या, तेच ऊन. ते तुझं! दाखव की ते. मागच्या वर्षी हे सुचवलं तर तुझं डोकं दुखायला लागलं होतं. आणि आईला जिन्यात मी नाही बसवत, मी तिथे नसतोच. मग कोण बसवतं?

ऑफिसमागच्या खोलीला जिना नाही. तिच्या गुडघ्यांचा विचार मी तरी करतो.

लोभ होता तेवढाच आहे. वाढवायला तू जागा कुठे ठेवलीस?

धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद सवयीनं लिहिते आहे.

माझं घर दाखवता येणार नाही. तिथे माणसं राहतात. मुलांचे अभ्यास असतात, ह्यांची दुपारची झोप असते. परक्या माणसांनी केव्हाही आत यायचं म्हणजे काही पद्धत आहे का?

आईचा प्रश्न मी माझ्यापुरता सोडवला. आता लोक आले की ती जिन्यात बसत नाही, स्वयंपाकघरात बसते. तिला तेवढंच बरं वाटतं आणि घरही भरलेलं दिसतं. टोमणे मारण्यापेक्षा हे केलं मी.

कळावे, आणि कळलं नाही तर पुन्हा वाच.

ताई

२७ जून

ती. ताईस,

सा. न.

तुझ्या घरात माणसं राहतात, हे वाचून हसू आवरेना. मग आई कोण आहे, फर्निचर?

पण आज हसायची वेळ नाही. तू तिला आत बसवल्यापासून एकही घर गेलेलं नाही. बघून गेलेल्या सगळ्यांना मी फोन केले. सगळे एकच सांगतात. स्वयंपाकघरातल्या आजी फार चांगल्या. त्यांनीच सांगितलं की लिफ्ट मनात येईल तेव्हा चालते, मागच्या अंगाला सकाळी पाणी धड चढत नाही, आणि हे घर तुम्हाला मिळणार नाही, ते माझं आहे. एकाला तर तिनं समोरच्या रस्त्यापलीकडची वसाहत बघून यायचा सल्ला दिला!

तिला हे पढवलंय कोणी, ते मला कळतं. माझ्यावरचा राग धंद्यावर काढू नकोस.

धाकटा

१ जुलै

चि. धाकट्यास,

मी काहीही पढवलेलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, लोक पाणी कसं आहे विचारतात, मी पाणी कसं आहे ते सांगते. वर मलाच विचारते, यात चुकलं काय? ते कानावर गेल्यापासून मागच्या अंगाचे भाडेकरू पाण्यावरून माझ्या दारात येऊन भांडतात. तुला जाहिरात करून मोकळं होता येतं, शिव्या मी खाते.

तेव्हा मी नीट विचार केला. ऑफिसमागची खोली तशी वाईट नाही. गुडघ्यांचं तू म्हणालास ते खरंच आहे. उद्या तिला दाखवते.

यात तू जिंकलास असं समजू नकोस. माया, उरली तेवढी.

ताई

६ जुलै

चि. दोघांस,

आशीर्वाद दोघांना सारखेच. भांडून वाटून घेऊ नका.

ताईनं मला खोली दाखवली. आधी जाऊन खिडकी उघडून आली, दिवे लावले, हवा कशी छान खेळते ते सांगितलं आणि पंप सुरू व्हायच्या आत मला बाहेर आणलं. अगं, तू घरं कशी दाखवतेस ते मी इतकी वर्षं जिन्यात बसून ऐकते आहे. निदान माझ्यासाठी तरी वेगळं काही बोलायचंस! मला फार राग आला. अजून आहे.

धाकट्या, तू माझे गुडघे मध्ये आणलेस. ते दुखतात की नाही, हे तू कधी विचारलंस?

मी रस्ता ओलांडून पलीकडच्या वसाहतीत गेले आणि घर दाखवा म्हटलं. तिथला मॅनेजरही थापाच मारतो, मला लगेच ओळखू आलं. पण त्यानं आधी खुर्ची दिली आणि विचारलं की राहणार कोण, आणि तुम्हाला ऊन सकाळचं आवडतं की संध्याकाळचं. मग म्हटलं, सकाळचं. त्या बाजूचं घर घेतलं. करार माझ्या नावावर झाला आहे, सामानही काल नेलं. ताई मुलांच्या शाळेत गेली होती, म्हणून तिला दिसलं नाही.

तुमचं नमुन्याचं घर मोकळं केलं आहे. झाडूनही ठेवलं आहे.

राग शांत झाला की या, दोघं एकदम आलात तरी चालेल. पण घर बघायला येऊ नका. मला भेटायला या.

तुमची आई