रविवार सोडून चाळीस दिवस

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
आजपासून मी नवा माणूस. फादरांनी कपाळाला राख लावली तेव्हाच ठरवलं. लोक उपवासकाळात गोडधोड सोडतात, सिगरेट सोडतात. किरकोळ त्याग. मी मारामारी सोडली. चाळीस दिवस कोणावरही हात टाकायचा नाही.
अट लेकीची आहे, पण मनात माझ्याही होतंच. नाताळच्या जेवणात जावयाच्या कानाखाली एक वाजवली होती. गाडीचं चेपलेलं दार त्याने परक्या गॅरेजमधून सरळ करून आणलं. घरात सासरा डेंटर असताना! कानाचा पडदा फाटला म्हणे. तेव्हापासून लेक आलेली नाही. जानेवारीत नात झाली, तीही दाखवली नाही. चाळीस दिवस हात आवरलात तर ईस्टरला बाळाला घेऊन येईन, असा निरोप. चाळीस दिवस काय, चुटकीसरशी जातील.

१९ फेब्रुवारी
कालची राख मुद्दाम पुसली नव्हती. गॅरेजमधला पेंटर म्हणाला, कपाळाला ग्रीस लागलंय. वर हसला. हसू दिलं. त्याच्याऐवजी एका बॉनेटवर हातोडी चालवली. डेंट गेला, भोक पडलं. मालक ओरडला. मालकालाही सोडलं. एका दिवसात दोन माणसं वाचली.

२१ फेब्रुवारी, शनिवार
कॅलेंडरवर मोजलं. ईस्टरपर्यंत चाळीस नाही, शेहेचाळीस दिवस भरतात! शुद्ध फसवणूक. तडक फादरांकडे गेलो. ते म्हणाले, रविवार चाळिसात धरत नाहीत. तो पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो.
रविवार धरत नाहीत! धर्मात किती बारीक विचार केलाय. डोळे भरून आले.

२२ फेब्रुवारी, रविवार
चर्चमधली मिस्सा आटोपून पेंटरच्या घरी. दार त्यानेच उघडलं. दोन दात, खालचे. मन पिसासारखं हलकं झालं.

२६ फेब्रुवारी
शेजारच्या उंटाने (मान लांब, अक्कल आखूड) पुन्हा माझ्या फाटकासमोर स्कूटर लावली. जुना मी असतो तर तिथल्या तिथे आडवा केला असता. शांतपणे सांगितलं, रविवारी साडेदहाला बघू. त्याने विचारलं, काय बघू? म्हटलं, कळेल. संयम म्हणतात तो हाच.

१ मार्च, रविवार
उंट. त्याचंच हेल्मेट, त्याच्याच नाकावर. रक्त फाटकापर्यंत. मागून त्याचा भाऊ वीट घेऊन आला. माझ्या भुवईला चार टाके. बायको म्हणाली, तुमच्या देवाला तरी पटतंय का हे? देव तिचाही तोच आहे. पण शास्त्र वाचायला नको.

१५ मार्च, रविवार
गल्लीत चिटपाखरू नाही. दारं बंद, खिडक्या बंद. दूधवाला कालच दोन दिवसांचं दूध देऊन गेला. माझ्या तपश्चर्येने वस्तीत शांतता नांदू लागली.
दुपारी नाइलाजाने मेव्हण्याकडे गेलो. खरं तर त्याने काही केलं नव्हतं. स्टूल मोडलं. बरगडीही, बहुधा एकच.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
मिरवणुकीत मागच्याने माझ्या टाचेवर पाय दिला. झावळीच्या पात्याने लागत नाही, दांड्याने लागतं. तीन फटके. खाली पडल्यावर एक लाथ. चर्चच्या पायरीवर माझंही बोट मोडलं. फादरांनी मला ओढत आत नेलं. म्हणाले, रविवारी उपवास नसतो म्हणजे आठवडाभर राखून ठेवलेली लाथ त्या दिवशी घालायची असं नव्हे. पापनिवेदन कर. कोणतं पाप? सहा सहा दिवस हात खिशात कोंबून फिरतोय, ते कोणाला दिसत नाही. रविवार असल्यामुळे त्यांच्याकडेही जरा पाहिलं. पण झग्यात होते.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार
क्रुसासमोर तासभर. ते खिळे, तो चाबूक. माणसं इतकी क्रूर कशी होतात, या विचाराने संताप आला. बाक थोडा हलला.
घरी येतो तो लेकीचा फोन. विचारलं, पाळलंत का? म्हटलं, चाळिसातला एकही दिवस मोडलेला नाही. शब्द न् शब्द खरा. मग बायकोने फोन घेतला आणि आत जाऊन दार लावलं. वीस मिनिटं बोलत होती. बाहेर येऊन म्हणाली, येतायत. माझ्यासाठी येतायत.
आपल्यासाठी म्हणायचं असेल.

५ एप्रिल, ईस्टर
एक वाजता आले. लेक दारातच उभी राहिली. बाळ दुपट्यात. जावई तिच्या पुढ्यात. मी पुढे झालो. नातीच्या कपाळावर क्रूस काढायचा, एवढंच मनात होतं. हात वर केला.
लेक गर्रकन वळली. बाळाला पोटाशी दाबून वाकली, पाठ माझ्याकडे केली, खांदे आवळले आणि तशीच थांबली. फटका कधी पडतो याची वाट बघत. लहानपणी अशीच थांबायची.
जावयाने माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं नाही. सांगितलं की मी फक्त क्रूस काढत होतो. दहा मिनिटं बायको बाहेर जाऊन गाडीत बाळाला घेऊन बसली. मग ते गेले.
बायको म्हणते, नाक तुमच्यावर गेलंय. असेल. मला दुपटंच दिसलं.