एकशे बारा वेळा 'आत्ता आले'

३ मार्च, सोमवार. सकाळी ६
निश्चय: आज दिग्दर्शकाशी स्पष्ट बोलायचं. नऊ वर्षं मालिकेतली मावशी म्हणून सोफ्यावरून पडले, शिडीवरून पडले, दोनदा खिडकीतून पडले. आता मला एक गंभीर सीन हवा. रडण्याचा. शक्यतो बसून.

संध्याकाळी
बोलणं झालं नाही. ते जेवत होते. मग मी जेवत होते.

४ मार्च
गुडघा टम्म सुजलाय. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. लंगडत आले तर कॅमेरामन हसला, म्हणजे अभिनयात खपलं.
दिग्दर्शक म्हणाले, मावशी, आजचं पडणं डमीला देऊ या का? ठणकावून सांगितलं, माझं पडणं मीच पडणार. सातव्या टेकला पडले ती उठवायला तिघं लागले. यावेळी कुणीच हसलं नाही. प्रभाव खोलवर झाला असावा.

७ मार्च
लेखक स्वतःहून मेकअपरूममध्ये आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, पुढच्या भागांपासून मावशी घरभर जाणवत राहणार आहे.
घरभर! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, जाणवणार ते ठीक, पण दिसणार किती? याला आमच्या लाइनमधलं ओ की ठो कळत नाही.

१० मार्च
अख्खा दिवस स्टुडिओ फक्त माझ्यासाठी बुक.
साउंडवाल्याने एकशे बारा वेळा 'आत्ता आले' म्हणवून घेतलं. रागाने, लाडाने, तोंडात घास असताना, तोंडाला साबण असताना. शिवाय 'चहा ठेवलाय', 'दारात कोण आहे' आणि पडल्यावरचं 'अगं बाई'. धप्प आवाज तो स्वतः टाकणार म्हणाला. इतकं कशाला, विचारलं. म्हणाला, स्टॉक असला की वर्षभर बघायला नको. बोलताना मान वर केली नाही. लाजाळू आहे बिचारा.
घसा बसलाय. पण कदर करतात ती अशी.

१३ मार्च
पुढच्या आठवड्याचं कॉलशीट आलं. माझं नाव नाही. प्रॉडक्शनवालीला फोन केला. म्हणाली, ताई, तुमचं काम झालंय की, आता आराम करा. ही प्रॉडक्शनवाली नवीन आहे, घोटाळे करते.
रडण्याच्या सीनची तयारी आरशासमोर सुरू. गुडघा आठवला की छान पाणी येतं डोळ्यांत.

१९ मार्च
फोन नाही. सोमवारपासून व्यायाम.

२६ मार्च, बुधवार
साडेसातला नवा भाग लागला. सासूबाई, नवरा, मी, तिघं टीव्हीसमोर.
मावशी स्वयंपाकघरात होती. दार बंद. सगळे तिला हाका मारत होते आणि ती आतून 'आत्ता आले' म्हणत होती. सासूबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मी वाट बघत होते, दार कधी उघडतंय याची. पाचव्या, तोंडाला साबण असलेल्या 'आत्ता आले'ला कळलं. ते दार उघडणार नाही. वर्षभर तरी नाही.
नवरा माझ्याकडे बघायला लागला, म्हणून जाहिरातींत उठले. चहा ठेवते म्हटलं आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. वाईट वाटलं, फार वाईट. एका टेकमध्ये झालं, तेही उभ्याने. बघायला कुणी नव्हतं.
सासूबाईंनी हाक मारली, भाग सुरू झाला गं. मी म्हटलं, आत्ता आले.
बाहेर सासूबाई पुन्हा हसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, टीव्हीचा आवाज जरा कमी कर, मावशी आपल्याच स्वयंपाकघरातून बोलल्यासारखी वाटते.