तिसरे म्हणून आलेले पहिले कार्ड

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
सुनावणी नोंद विभाग, मुख्य कार्यालय.

विषय: लिनक्सवर चालणारे वायरलेस कार्ड न देता माझी घरून काम करण्याची परवानगी रद्द केल्याबाबत.
संदर्भ: आपला आदेश, जो मला आज सकाळी दिसला.

महोदय,

१. मी सुनावण्यांची ध्वनिमुद्रणे ऐकून टंकलिखित करते. वडील अंथरुणाला खिळल्यापासून आपण हे काम घरून करण्याची परवानगी दिलीत, त्याबद्दल मी आपली ऋणी होते.

२. विभागाने सर्व लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली. त्यास माझी हरकत नाही. मात्र माझ्या लॅपटॉपला इंटरनेट जोडून देणारे वायरलेस कार्ड ती ओळखेना. तेव्हा आपले संगणक तंत्रज्ञ, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, त्यांनी यूएसबीला लावायचे नवे कार्ड पाठवले. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक लिनक्सवर चालणाऱ्या कार्डांच्या यादीतलाच होता. कार्ड मात्र ढिम्म. कंपनीने क्रमांक तोच ठेवून आतली चिप बदलली, असे डॉक्टरांचे म्हणणे. मला ते पटले नाही. मी भाजीची जुडीसुद्धा सोडून पाहते.

३. म्हणून ते परत करताना मी त्याच्या पोटाशी नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. दुसरे कार्ड आले, तेही चालले नाही; ते मी जवळच ठेवले. तिसरे 'खास मागवलेले' म्हणून आले. त्यावर माझाच ठिपका होता. डॉक्टर फोनवर म्हणाले की ताई, नजरचूक झाली असेल, तुम्ही फार संशय घेता. संशयाची मला हौस नाही, पण कुठेतरी पाणी मुरते आहे एवढे कळते. या काळात ध्वनिमुद्रणे पेनड्राइव्हवर मागवून मी काम वेळेत दिले आहे.

४. अखेर शेजारच्या काकूंना वडिलांजवळ बसवून मी लॅपटॉप घेऊन जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि दुकानदारासमोर एकेक कार्ड लावून पाहिले. टोपलीतले एक जुनाट, अँटेना वाकलेले कार्ड कुठलेही सॉफ्टवेअर न बसवता लागलीच चालू झाले. विभागाचा ई-मेल फक्त याच लॅपटॉपवर उघडतो. आज सकाळी तो उघडताच सर्वांत वर आपला आदेश होता.

५. मी 'संपर्कात राहत नसल्याने' परवानगी रद्द. हरकत पाच दिवसांत ई-मेलनेच कळवावी, अन्यथा एक तारखेपासून मुख्य कार्यालयात हजर व्हावे, असे त्यात आहे. ते पाच दिवस केव्हाच सरले. आदेशाची तारीख दुसरे कार्ड आले त्याच्या आदल्या दिवसाची आहे. म्हणजे परवानगी काढून घेतल्यावरही मला कार्डे पाठवली जात होती. फोन येत होते, कार्डांबद्दल बोलणे होत होते. आदेशाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. माझी खुर्ची कोणाला हवी आहे, हे आपणच सांगावे.

६. तरी हरकतीची मुदत आज सकाळपासून मोजावी व हा अर्जच माझी हरकत समजावा. वडिलांना स्वतःहून कुशीवर वळता येत नाही. मी त्यांना वळवते. मी दिवसभर कार्यालयात बसले तर त्यांना कोण वळवणार, हे आदेशात लिहिलेले नाही. मला भीती वाटते, महोदय.

अर्ज ई-मेलने पाठवला असून प्रत काकूंच्या हाती देत आहे. पोच घेतल्याशिवाय त्या काउंटर सोडणार नाहीत, तसे बजावले आहे.

आपली, अद्याप नम्र,
(सही)
वरिष्ठ टंकलेखक
दिनांक: आदेश दिसला तोच दिवस

सोबत: न चालणारी कार्डे, नग दोन (आपल्या नोंदीप्रमाणे तीन).
चालणारे कार्ड जोडलेले नाही. ते मी कोणाच्याही हाती देणार नाही.