फणसाच्या नऊ फळ्यांना कोणी हात लावू नये

खर्र... आणि मग खालून, जरा दमून, खुर्र. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये पुरुषभर लांब करवत. १९५९ साली मी तिसरीत होतो. शाळेच्या मागेच हे काम चाले आणि आम्ही वर्गात त्याच ठेक्यावर कविता म्हणायचो. गुरुजी टेबलावर पट्टी आपटून चाल बदलायला सांगायचे. पण करवत त्यांचे ऐकायची नाही आणि आम्हीही नाही.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला माहीत आहे. वकिलांनी दिलेला नमुना समोरच आहे. पण सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, आणि जे लिहायचे ते माझ्या अक्षरात, माझ्या पद्धतीने लिहायचे असे मी ठरवले आहे.

तर मी, मधुकर दामोदर वाडेकर, वय ७४ वर्षे, आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त, राहणार बेलवली, बदलापूर, हे कोणाच्याही दडपणाखाली न येता, डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यावर माझी पत्नी कुंदा म्हणाली, "त्यांनी अंगणातल्या फळ्या पाहिल्या नाहीत, म्हणून दिला."

१. राहते घर माझ्या पश्चात कुंदाचे. तिच्यानंतर आमचा मुलगा राजस याचे. यात वाद नाही.

२. बँकेतले आणि पोस्टातले सर्व कुंदाचे. कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

३. आता मुख्य विषय. आमच्या अंगणातला फणस गेल्या वर्षी जूनच्या वाऱ्यात रस्त्यावर आडवा झाला. रस्ता मोकळा करायला आलेली माणसे त्याचे तुकडे करून नेणार होती. मी खोडावर जाऊन बसलो. दोन तास बसलो. शेवटी त्यांनी फांद्या नेल्या आणि खोड मला ठेवले. पुढे तो ओंडका कापून द्यायला एकही वखारवाला तयार होईना, कारण कुंदाने कपड्यांच्या दोरीसाठी तीस वर्षे त्यात खिळे ठोकले होते. "खिळा लागला तर आमचं पातं जातं, काका." बरोबर आहे त्यांचे. मग घरीच कापायचे ठरले. मला त्यातले काही येत नव्हते. कविता पाठ येतात म्हणून लाकूड कापता येत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तरी मी ऐकले नसते.

४. आमच्या आळीतला बबन सुतार याने भाड्याची चेनवाली करवत आणली आणि आम्ही दोघांनी फेब्रुवारीत अठरा फळ्या काढल्या. फळी एका टोकाला दोन इंच आणि दुसऱ्या टोकाला तीन. बबन या कागदावर साक्षीदार आहे, त्यामुळे हे कलम त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "मधूभाऊ, ओंडकाच वाकडा होता." त्याचे म्हणणे नोंदवले. मला ते मान्य नाही.

५. एप्रिलमध्ये कुंदाचे वाळवण गच्चीवर होते. ती म्हणाली, "फळ्याही घाला की उन्हात. कुरडया नाही का वाळत?" मला ते पटले. साठ वर्षे या घराने जे वाळवले ते उन्हातच. पाच फळ्या साबुदाण्याच्या पापडांशेजारी मांडल्या. रोज दुपारी ती जिन्यातून ओरडायची, "उलट्या केल्या का?" आणि मी उलट्या करायचो. सहाव्या दिवशी गच्चीवर फटाका वाजावा तसा आवाज झाला. पाचही फळ्या टोकांकडून हातभर चिरल्या होत्या. फळी टोकांतून आधी पाणी सोडते, पोट ओलेच राहते, आणि घाई केली की ती फाटते. हे पुस्तकात होते. मी ते पुस्तक मे महिन्यात आणले.

कुंदाच्या कुरडया मात्र उत्तम झाल्या, हे तिने मला बऱ्याचदा सांगितले आहे.

६. पावसाळ्यात उरलेल्या तेरा फळ्या पडवीत एकीवर एक चिकटून ठेवल्या. उन्हाने फाटल्या म्हणून सावलीत ठेवल्या, यात माझे काय चुकले? चार फळ्यांना दह्यासारखी पांढरी बुरशी आली. मधून वारा जायला हवा होता. राहिल्या नऊ. दसऱ्याला त्यांची पुन्हा थप्पी लावली: दर दोन फळ्यांमध्ये लाकडी पट्ट्या, सगळ्या पट्ट्या एका रेषेत, टोकांना दरवाजाचा उरलेला हिरवा ऑइलपेंट, आणि वाकू नयेत म्हणून वर दगड. एक दगड म्हणजे कुंदाचा पाटा आहे. तो तिने परत मागू नये.

नऊही फळ्यांवर मी खडूने वृत्तांची नावे लिहिली आहेत. मालिनी सर्वांत सरळ. मंदाक्रांता सावकाश वाळते आहे. भुजंगप्रयात जशी असायला हवी तशीच झाली आहे.

७. याच लाकडाच्या एका तुकड्याचे वजन मी दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर करतो. सलग तीन महिने वजन तेच आले की लाकूड वाळले. माझ्या अंदाजाने २०२७ची अक्षय्य तृतीया उजाडेल. तोवर मी असेन की नाही, हे सोमवारी कळेल. लाकडाला ते माहीत नाही आणि त्याला घाई नाही.

८. राजस अंबरनाथला राहतो. परवा फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात तोवर पडवी साफ करून घेतो. आईला चालायला जागा नाहीये. उल्हासनगरच्या एका लाकूडवाल्याशी बोललोय. रविवारी टेम्पो येईल."

मी म्हणालो, "त्या ओल्या आहेत."

"फर्निचरच हवं ना तुम्हाला? ऑनलाइन दोन दिवसांत येतं."

"तुझं टेबल आलं होतं. पाण्याचा पेला ठेवला तर फुगलं."

"बाबा, प्लीज. आधी ऑपरेशनचं बघू."

हेच मी बघतो आहे. म्हणून स्पष्ट लिहितो: नऊ फळ्या कुंदाच्या. त्या वाळेपर्यंत विकू नयेत, जाळू नयेत, हलवू नयेत. वाळल्यावर बबनने त्यांचा दोघांना ऐसपैस बसता येईल असा पाठीचा बाक करून पडवीत ठेवावा. कुंदाला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मला नकोत."

"तुला देतोय म्हणजे राखायला देतोय."

"मी एकटी बसू का त्या बाकावर?"

कलम तसेच ठेवले आहे. राजसवर माझा राग नाही. पण तो आईचे ऐकतो की टेम्पोवाल्याचे, एवढीच मला काळजी आहे.

स्थळ: बेलवली, बदलापूर. दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार.

साक्षीदार १: बबन सुतार. (सही केली. अजूनही ओंडका वाकडा होता म्हणतो.)

साक्षीदार २: शेजारचे येणार होते, पण ते लग्नाला कर्जतला गेले. जागा मोकळी सोडली आहे.

एवढे लिहून पेन खाली ठेवतो तोच बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक अनोळखी गृहस्थ, खिशात मोजपट्टी. "राजसभाईंनी पाठवलं. रविवारी टेम्पो आणायचा, तर म्हटलं आधी माल बघून घेऊ." हाच तो उल्हासनगरचा लाकूडवाला. बबन उठून थप्पीसमोर उभा राहिला. मी काही बोलायच्या आत गृहस्थांनी बबनच्या बगलेतून हात घालून मालिनीवर बोटाने टकटक केले, वास घेतला आणि वाकून पट्ट्यांची रांग एक डोळा मिटून पाहिली.

"ये तो गीला है, काका. आत्ता उचलला तर माझ्याकडे फाटेल. साइडला कलर कोणी मारला?"

"मी."

"बराबर मारला. पट्टी पण लाइनीत आहे. राजसभाईंना मी फोन करतो, दीड साल कोणी हात नाय लावायचा." मग थप्पीच्या तळाशी बघून त्यांनी जीभ टाळूला लावून चक् केले. "पण ही खालची लादीला लई जवळ आहे. ओल चढेल. एक वीत वर उचला."

मी त्यांना बसवले आणि साक्षीदार होता का विचारले. ते कागदाकडे बघून म्हणाले, "काही लफडं नाही ना?"

कुंदा चहा घेऊन आली होती. "लफडं एकच आहे," ती म्हणाली, "ते हे समोर बसलंय."

९. लाकूडवाले भूपेश यांच्या सांगण्यावरून वाढवलेले कलम: थप्पी जमिनीपासून वीतभर उचलावी. हे काम बबन आणि राजस यांनी रविवारी करावे; राजस नाहीतरी येणारच आहे.

मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

म. दा. वाडेकर

साक्षीदार २: भूपेश तलरेजा, लाकडाचे व्यापारी, उल्हासनगर.