तेल बदलायची चाळीस मिनिटं

ता. ९

वादळ आलं आणि तुमच्या खात्याने गल्लीतली वीज नेली, त्याला आज सातवा दिवस. तू जनरेटर बसवताना भिंतीवर कागद चिकटवलास, त्यावर लिहिलंय की हा अडीअडचणीला चार-सहा तास चालवावा. हा सात दिवस धडधडतोय. आता कागद खोटा की तुमचं खातं खोटं, ते आधी कळव. मग आशीर्वाद.

चि. खारूताईस आजीचे अ. आ.

फोन मेले आहेत, म्हणून हे पत्र डिझेलच्या टँकरवाल्याच्या हाती देते. तो ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे दोन कॅन टाकतो आणि पुढे तुमच्या तळावर जातो म्हणे. माणूस बरा आहे, फक्त बोलतो फार.

तुझे आजोबा आहेत तसेच आहेत. नाकातली नळी काढली की पाच मिनिटांत ओठ निळे होतात. त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, मशीनला वीज लागते, विजेला जनरेटर लागतो आणि जनरेटरला मी लागते. मी दुसरी पास. एवढ्या मोठ्या कारभाराच्या तळाशी दुसरी पास बाई बसवलीत, तुमची कमाल आहे.

तू सांगितलंस ते सगळं करते. सकाळी तेलाची पट्टी काढून पुसून बघते, पाणी बघते, हवेची जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडते. शंभर तास झाले म्हणून सात तारखेला तेल बदललं. तेवढा वेळ जनरेटर बंद, म्हणून ह्यांना ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लावला. मला चाळीस मिनिटं लागली. निम्मं तेल माझ्या अंगावर.

यंत्राला त्रास नको म्हणून बाकी सगळं बंद ठेवलंय. फ्रीज नाही, पंखा नाही, दिवासुद्धा नाही, फक्त ह्यांचं मशीन. शेजारची शिंपीण वायरचं भेंडोळं घेऊन आली होती, तिचा फ्रीज जोडू का विचारायला. अकरा वर्षं तिच्या मोरीचं पाणी माझ्या दारात येतंय, त्याबद्दल एक शब्द नाही, आणि माझी वीज मात्र तिच्या दारात जायला हवी. मी दार लावून घेतलं.

पण कालपासून जनरेटर खोकतोय. धूर येतो, आणि सायलेन्सरच्या तोंडातून काळा चिकट रस गळतो. मी फडक्याने पुसते, तो परत गळतो. मध्येच आवाज खाली बसतो आणि ह्यांच्या मशीनचा दिवा लुकलुकतो. मी एवढं जपूनही याला काय झालं ते लिही.

आणि तू तारा ओढतेस ना? मग आधी घरच्या ओढ.

लोभ आहे. वाढवायला सध्या वेळ नाही.
आजी

ता. ११

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र आज दुपारी खांबावर असताना मिळालं, खाली उतरून वाचलं. चूक तुझी नाही, मी सांगायला हवं होतं. आजी, तू जपलंस म्हणूनच तो आजारी पडला. डिझेलच्या इंजिनाला ओझं नसलं की ते नीट तापत नाही, आतलं डिझेल पूर्ण जळत नाही आणि तेच काळं होऊन गळतं. आजोबांच्या मशीनला लागतं ते त्या जनरेटरच्या दहाव्या हिश्शाएवढंसुद्धा नाही. असंच चाललं तर तो बसेल.

त्याला काम दे. फ्रीज जोड, पंखे लाव, शिंपीणबाईंचाही फ्रीज जोड. सगळ्यात उत्तम म्हणजे इस्त्री. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बोलव, त्याला म्हणावं दोन इस्त्र्या लाव आणि रोज तीन-चार तास थांबू नकोस. आधी धूर वाढेल, घाबरू नकोस, मग तो निवळेल.

विजेचं विचारलंस. कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणीपुरवठा, मग हॉस्पिटलं, मग मोठ्या लाइनी, मग गल्ल्या. आपली गल्ली शेवटच्या पानावर आहे. मी मुकादमांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी यादी माझ्या हातात दिली. आपल्या वर अठ्ठेचाळीस नावं आहेत. सोडून यावं तर आमची टोळी पाच जणांची, त्यात एकाचा हात मोडलाय. चढणारे आम्ही दोघंच होतो, आता मी उतरले की खांबावर चढायला कोणी नाही.

हॉस्पिटलात हलवायचं म्हणशील तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की ज्यांच्या घरी मशीन चालू आहे त्यांना आणू नका, इथे माणसं जमिनीवर आहेत.

तेलाची पट्टी दिवसातून दोनदा बघ. माया आहेच, ती यंत्रावरही कर.
तुझी
खारूताई

ता. १४

चि. खारूताईस आजीचे अ. आ.

तुझं पत्र बाराला आलं. त्याच दुपारी जनरेटर बंद पडला होता. तासभर दोरी ओढत होते, सिलिंडर लावला होता, आणि तेवढ्यात टँकरवाला तुझं पत्र घेऊन दारात. त्यानेच चार हिसके मारून तो चालू केला.

मग मी शिंपिणीकडे गेले. तिला म्हटलं की बाई, तुझा फ्रीज लाव. तिने मला उंबऱ्यातच उभं केलं आणि म्हणाली की नीट ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं. तिने विचारलं की परवा नको होता तो आज का हवा. मी तुझं पत्रच तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि फ्रीज तर आणलाच, शिवणाच्या मशीनची मोटरही जोडली. मोरीचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

इस्त्रीवाला दोन इस्त्र्या घेऊन आमच्या पडवीत बसलाय. पहिल्या दिवशी धूर असा झाला की मला वाटलं गेलं सगळं. संध्याकाळी निवळला. काळं गळायचं थांबलं, आवाज भरदार झाला. आता अडचण अशी की इस्त्रीला कपडे पुरत नाहीत. गल्लीतल्या सगळ्यांचे झाले, परत चुरगळून आणले, परत झाले. समोरच्या मास्तरांनी पायपुसणं आणून दिलं. कुठेही जायला रस्ता नाही, दिवा नाही, पाणी दोन बादल्या, आणि सगळी गल्ली लग्नाला निघाल्यासारखी कडक इस्त्रीत फिरते. तुझे आजोबा हसले आणि हसल्यामुळे दहा मिनिटं खोकले. मी सांगितलं, पुन्हा हसायचं नाही.

आता दुसरं. अकराला तेल बदललं, बाराला जनरेटर बंद पडला, त्यात सिलिंडर संपत आला. काटा लाल पट्टीवर टेकलाय. उद्या पुन्हा तेल बदलायची पाळी. उद्याचं कसंबसं भागेल, त्यापुढचं नाही. तेलाचाही शेवटचा डबा उद्या लागेल. सिलिंडर भरून आण म्हणून टँकरवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो की भरायच्या दुकानातही वीज नाही. म्हणजे विजेसाठी हवा आणि हवेसाठी वीज. हे कोणी ठरवलं ते मला कळलं तर बरं होईल.

गल्लीत दुसरा जनरेटर नाही. असता तर मी कुणाच्याही उंबऱ्यात उभी राहिले असते.

काहीतरी कर. लोभाचं नंतर बघू.
आजी

ता. १६

ती. आजीस सा. न. वि. वि.

सोबत तेलाचे चार डबे आणि इंजिनात बसवायची एक नवी गाळणी पाठवली आहे. सिलिंडर मिळाला नाही. आम्ही काल ज्या हॉस्पिटलची लाइन जोडली तिथे मी फाटकाशी गेले. तिथल्या बाईंनी मला आत नेऊन दाखवलं. एकेका सिलिंडरला दोन-दोन माणसं होती. मी काही न मागता परत आले.

आपल्या गल्लीचं आता पुढच्या महिन्याच्या आठ तारखेआधी होत नाही. मी खोटं लिहू शकले असते.

तेल बदलणं पुढे ढकलू नकोस. इंजिन एकदा जाम झालं की मग काहीच नाही. बंद करायच्या आधी सगळं हाताशी मांडून ठेव: पाना, पातेलं, नवं तेल, गाळणी. तेल गरम असतानाच खालचं बूच सोड म्हणजे लवकर उतरतं. इस्त्रीवाल्याला पातेलं धरू दे, शिंपीणबाईंना नरसाळं. तीस मिनिटांत होईल. आजोबांना ताठ बसव, पाठीला उशी, बोलू देऊ नकोस.

मला आणखी काही सुचत नाही.
खारूताई

ता. १९

चि. खारूताईस आजीचे अ. आ.

आज सकाळी दहाला तेल बदललं. सिलिंडरशिवाय.

तू लिहिलंस तसं सगळं मांडलं होतं. शिंपिणीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, बूच तिनेच सोडलं. इस्त्रीवाल्याने पातेलं धरलं. मी आत ह्यांच्यापाशी बसले. ते पलंगाच्या काठावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते आणि प्रत्येक श्वास वर ओढत होते. मी पंख्याने वारा घालत होते. त्याचा काही उपयोग नाही हे मलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. डोळे माझ्याकडे नव्हते, घड्याळाकडे होते. बाविसाव्या मिनिटाला मान खाली गेली. मी हनुवटी धरून वर केली आणि धरूनच ठेवली. सव्विसाव्या मिनिटाला जनरेटर सुरू झाला. तू म्हणालीस त्याहून चार मिनिटं आधी. शिंपीण बाहेर पायरीवर बसून रडत होती. मी तिला म्हटलं की आधी तेल पुसून घे.

दुपारपर्यंत त्यांना बोलता आलं नाही. आता पेज घेतली आहे. पण नखं अजून काळसर आहेत, मागच्या वेळी सिलिंडर शेवटी संपला तेव्हा तासात उतरली होती.

आठ तारखेपर्यंत अजून चार-पाच वेळा तेल बदलावं लागेल. मला आकडे येत नाहीत, पण माणूस किती पुरेल ते दिसतं. ह्यांच्यात तेवढ्या वेळा नाहीत. तू काही करू शकत नाहीस, मी काही करू शकत नाही, तुझा मुकादमही वाईट नाही. मी आता कोणाला बोल लावायचा, तेवढंसुद्धा शिल्लक ठेवलं नाहीत.

तुझं पत्र आलं की ते विचारतात की माझ्यासाठी काय लिहिलंय. मी सांगते, तेल बदला. दोन्ही पत्रं त्यांनी हातात घेऊन पाहिली. पट्टी आहे, गाळणी आहे, इस्त्री आहे, त्यांच्याशी एक ओळ नाही. तू का लिहीत नाहीस ते मला समजतं. लिहिलं तर शेवटचं लिहिल्यासारखं होईल, असंच ना? मी पण त्यांच्याशी फक्त उशी नीट करा एवढंच बोलते.

पुढची पाळी तेवीसला आहे. टँकरवाला बावीसला येतो. तेव्हा त्याच्याकडे पत्र असलं पाहिजे. माझ्या नावाचं नको. वर त्यांचं नाव घाल, आत जनरेटरचा शब्द नको, आणि मोठ्या अक्षरात लिही म्हणजे त्यांना स्वतःला वाचता येईल. ते तूच लिहायचंस.

आजी